हळदीची मनगटं

"नवरा जित्ता हाये तुया, अन् रिकाम्या हातानं फिरून राह्यली?"

भिंतीपलीकडून सत्यवतीच्या सासूचा, तानुबाईचा, आवाज आला तशी मी कणीक मळता मळता थांबले. खोटं कशाला सांगू, कान भिंतीलाच लावला.

सत्यवती त्याच दिवशी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातून आली होती. सोयाबीन काढताना मळणीच्या मशीननं तिच्या उजव्या हाताची चार बोटं नेली, अंगठा तेवढा राहिला. सासूनं डाव्या हातासाठी हिरवा चुडा आणून ठेवला होता.

"घरात घालीन, आत्याबाई. मशीनवर नाई."

"म्हंजे पुन्हा मशीनवर जाशीन?"

"जाईन. अन् दुसऱ्या कोनालेई बांगड्या घालून तिथं उभं राहू देनार नाई."

तेव्हा तिचा नवरा देवराव खाटेवरून बोलला, "माय, मी जित्ता हाये हे गावाले दिसते ना? त्याले बांगडीची साक्ष कायले पाह्यजे?"

देवराव वर्षात चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक असं कामी आलं.

आम्ही बायका तशा हुशारच. बांगडी मशीनमध्ये अडकते हे ठाऊक होतं. पण सवाशिणीनं ती काढायची कशी? म्हणून बांगड्यांवरून चिंधी गुंडाळायचो. सत्यवतीच्या चिंधीचं टोक सुटलं, सोयाबीनच्या काडात गुंतलं, आणि मशीननं काडासोबत हातही ओढला. ती चिंधी त्या सकाळी मीच बांधून दिली होती. सत्यवतीनं हे मला कधी बोलून दाखवलं नाही.

पुढच्या हंगामात खुशालरावांच्या वावरात कापलेल्या सोयाबीनची गंजी लागली. मशीनवाल्या गजेंद्रनं ट्रॅक्टर चालू केला, तर सत्यवती मशीनच्या तोंडापुढं उभी.

"पह्यले बांगड्या काढा."

"तूच फिर रिकाम्या हातानं!" चंदा फणकारली. तिचं लग्न होऊन सहा महिने झालेले, चुडा कोपरापर्यंत.

"काकू, डिझेल जळून राह्यलं ना," गजेंद्र ओरडला.

"जळू दे. डिझेल परतवाड्याले भेटते. बोटं भेटतात का, पाहून ये."

बाया हसल्या, पण बांगडी एकीनंही काढली नाही. मग सत्यवतीनं कमरेची हळदीची डबी काढली. आधी माझा हात ओढला, माझ्या बांगड्या उतरवून आपल्या ओटीत ठेवल्या, आणि डाव्या हातानं माझ्या दोन्ही मनगटांना गोल हळद लावली.

"आता कोन म्हनते हात रिकामे हायेत?"

हळदीला कोण नाही म्हणणार? एकेक बाई पुढं आली. चंदाही आली, तोंड वाकडं करून.

चौथ्या दिवशी काडातला एक वेल चंदाच्या हाताला गुंडाळला आणि मशीननं ओढला. तिनं हिसका दिला, तसा बिनबांगडीचा हात वेलातून सुटून आला. एक नख उपटलं, बाकी हात शाबूत. चंदा तिथंच कुटारात, भुशाच्या ढिगात, बसून रडली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांआधी मनगटं पुढं करून तीच उभी.

तेव्हापासून सोयाबीनच्या दिवसांत आमच्या गावच्या बायांची मनगटं पिवळी. आसपासच्या गावांनी आधी नावं ठेवली, मग त्यांनीही डब्या घेतल्या. अठरा वर्षांत आमच्या मळणीच्या टोळीतल्या एकाही बाईचा हात मशीननं नेला नाही. हे मी छाती पुढं काढून सांगते, कारण सत्यवती स्वतः सांगत नसे. "हळद घरचीच हाये, कायचं कौतुक," म्हणायची.

गेल्या हंगामात ती वारली. त्याच्या दोन दिवस आधी तिला ताप होता. सून अपेक्षा म्हणाली, "आज राहू द्या, आई. बायांले आता समजते."

"समजते. पन घाईत इसरतात."

माझ्या खांद्याला धरून ती वावरापर्यंत आली. अकरा बायांच्या बावीस मनगटांना हळद लावली. एकीची वेणी पाठीवर लोंबत होती, ती उजव्या हाताच्या उरलेल्या अंगठ्यानं तिच्या पोलक्यात खोचली. मशीनभोवती एक चक्कर मारली, चिंधीबिंधी कुठं नाही ना ते पाहिलं.

"लाव आता," ती गजेंद्रला म्हणाली, आणि मशीन सुरू झाल्यावर घराकडे वळली.