पूजेच्या दिवशी मोजलेल्या गाड्या

हे मी अजून कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. आणि बाबांना? बाबांसमोर तोंडच उघडलं नसतं. आता तुम्हालाच सांगून राहिली. ऑफिसात माझा आवाज मोठा, म्हणून कोणाला वाटत नाही — पण मी भित्री बाई आहे. पहिल्यापासूनच.

माझं काम रस्त्यावरच्या गाड्या मोजायचं. कडेला खुर्ची टाकायची, गाडी गेली की कागदावर रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. जबलपूरजवळच्या मझौलीच्या पुढे राखीव जंगलातून एक अरुंद रस्ता जातो. त्याच्यावरून दिवसभर गिट्टीचे हायवा धावायचे — खडीच्या मोठ्या डंपरला आमच्याकडे हायवाच म्हणतात. जड गाड्या बंद करा, असा त्या रस्त्यावरच्या गावाने अर्ज केला होता. पहिली सही सुमंत्राबाईची, तिथल्या अंगणवाडीच्या बाईची. ती रोज पोरांची रांग त्याच रस्त्याच्या कडेने न्यायची. बंदी होणार की नाही, हे माझ्या एका दिवसाच्या गणतीवर होतं. आणि दिवस कोणता, हे मी ठरवायचं होतं.

मग बडा फुहाऱ्याच्या बाजारात मी ब्लाउजपीस पाहत होती, तर एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला. स्वच्छ शर्ट, हात जोडलेले. म्हणाला, “दीदी, बिटिया की स्कूटी का पिछला ब्रेक ढीला है। दिखवा लीजिए।” आणि जाता जाता, “मझौली कब जा रही हैं?” बस. एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. घरी येऊन मी ब्रेक दाबून पाहिला — खरंच ढिला होता हो. मी तिथेच, स्कूटीजवळ, जमिनीवर बसली. काहून नाही गेली पोलिसात? काहून नाही सांगितलं घरी? ब्रेक तेवढा दुरुस्त करून घेतला. आणि कॅलेंडर काढलं.

आता खरं सांगायचं ते हे. माझे बाबा फॅक्टरीत लेथवर होते. विश्वकर्मा पूजेला मशीनला हार घालायचा, कुंकू लावायचं, चालवायचं मात्र नाही — हे मला लिहिता यायच्या आधीपासून माहीत. ट्रकवालेही त्या दिवशी गाड्या धुतात, सजवतात, आणि उभ्या ठेवतात. जबलपुरात कोणालाही विचारा. मी गणतीला तोच दिवस लिहिला. माझ्या हाताने.

रस्ता रिकामा. सायकली, दोन-चार मोटरसायकली, दुपारी एक ट्रॅक्टर. सुमंत्राबाई चहा घेऊन आली. “अरे दीदी, आज तो पूजा है, आज कौन गाड़ी निकालेगा? कल गिन लो न।”

मी कागदावरून मान वर केली नाही. म्हटलं, “तारीख ऊपर से आई है।”

तिने लगेच मानलं. इतक्या लवकर काहून मानावं एखाद्याने? वर मलाच म्हणाली, चला, निदान आज पोरं तरी खेळतील. पोरं खरंच मधोमध खेळून राहिली होती, डांबरावर खडूने घरं आखून. मी बसून राहिली. संध्याकाळी लिहिलं — जड वाहतूक नगण्य, बंदीची आवश्यकता नाही. खाली सही.

पुढच्या उन्हाळ्यात वळणावर एक हायवा कडेला चढला. सुमंत्राबाईने ढकलली म्हणून पोरं वाचली. तिचा पाय गुडघ्याखालून गेला.

मी दवाखान्यात गेली. माया म्हणून गेली, असं नका समजू. तिला कळलं का, हे पाहायला गेली. तिने माझा हात धरला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, “इन्होंने दिन भर धूप में बैठके गिना था। तारीख ही ऊपर से गलत आई, ये बेचारी क्या करतीं।”

मी मान हलवली. हो म्हणून.

आता दर विश्वकर्मा पूजेला तिचा फोन येतो. सकाळपासून मी त्या फोनला भिते. आज कळलं असेल — आज विचारेल. ती विचारत नाही. म्हणते, “दीदी, आज सड़क खाली है, बच्चे खेल रहे हैं।” मागे पोरांचा आवाज असतो, आणि तिच्या कुबडीची टकटक. मी म्हणते, अच्छा, चलो, बढ़िया. आणि फोन ठेवते.

वरून काहीच आलं नव्हतं. तारीख माझी होती.