ऊना लँबनं हात वर केला

बाकीच्या कॅनडात पोरं बर्फावर हॉकीच्या काठ्या घेऊन धावतात. सेंट लॉरेन्स या बेटावरच्या मासेमारी गावात धुकं असो, वारा असो, फुटबॉलच. त्यामुळे अ‍ॅम्ब्रोज लँबची थोरली मुलगी ऊना मुलग्यांच्या संघात खेळायला लागली तेव्हा गावात कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. मासळीच्या कारखान्यातून सुटलेली माणसं कुंपणाला टेकून तिला ओरडून सांगायची, "अगं, बापासारखी लाथा झाडू नकोस, जरा बघून दे!"

ती बघूनच द्यायची. चेंडू पायाशी यायच्या आधीच तिची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरलेली असायची. मैदानाच्या मधोमध उभं राहून कोण कुठे आहे ते टिपायचं आणि चेंडू मुकाट पुढे सरकवायचा, हा तिचा खेळ. गोल दुसराच कुणी करायचा, टाळ्याही त्यालाच मिळायच्या. ऊनाला त्याचं काही वाटत नसे.

अ‍ॅम्ब्रोजचा खेळ वेगळा होता. खेकड्यांच्या बोटीवर काम करणारा हा दांडगा माणूस तरुणपणी गावच्या संघात बचावाला असे. बरगडी मोडलेली असताना तो एक अंतिम सामना शेवटपर्यंत खेळला होता, आणि ती हकीकत गावातल्या प्रत्येक लग्नात निघायचीच. "लँब मैदानातून आपण होऊन बाहेर येत नाहीत," असं तो म्हणायचा. पोरगी लहान असताना हसत म्हणायचा, मोठी झाल्यावर हसणं बंद झालं.

बायकांसाठी व्यावसायिक फुटबॉल तेव्हा कॅनडात नव्हताच. खेळून पोट भरायचं तर परदेश गाठावा लागे. अमेरिकेत मेन राज्यातल्या एका कॉलेजानं ऊनाला शिष्यवृत्ती दिली, तिथून ती आइसलंडला गेली. तिथल्या समुद्राचा वास घरच्यासारखाच होता, पण एकटीनं जेवायची सवय तिला लागता लागत नव्हती. मग उत्तर स्वीडनमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका संघानं तिला घेतलं. तिथे ती रुळली, कर्णधारही झाली.

आणि तिथेच तिचा गुडघा गेला.

सामना रंगात आला होता. वळताना डाव्या गुडघ्यात काहीतरी टचकन हललं. दुखलं नाही, पण आतून पकड सुटल्यासारखं वाटलं. कोचनं बाहेरून हातानंच विचारलं, ठीक आहेस ना? ऊनाच्या कानात बापाचं वाक्य होतं. तिनं अंगठा दाखवला. थोड्या वेळानं, आसपास कुणीही नसताना, ती जागच्या जागी कोसळली. लिगामेंट तुटलं होतं. हंगाम संपला तसा करारही संपला.

ती गावी परतली. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे दोन हिवाळे ती कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून खेकडे साफ करत होती. पट्ट्यावर शेजारी काम करणारी लियोना रोज छेडायची, "काय गं, स्वीडनमध्ये पण असेच खेकडे का?"

"तिथे ते स्वतःच साफ होऊन येतात," ऊना म्हणायची आणि सुरी चालवत राहायची. काम संपलं की रिकाम्या मैदानावर एकटीच धावायची.

मग देशात बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली. हॅलिफॅक्सच्या संघाच्या निवड शिबिरात ऊना गेली तेव्हा तिनं तिशी ओलांडली होती. संघाची कोच, मूळची केप ब्रेटनची डोरीन मॅकआयझॅक, फार कमी बोलायची. शिबिर संपल्यावर म्हणाली, "तुझे पाय म्हातारे आहेत. डोळे नाहीत. एका वर्षाचा करार देते."

ऊनाच्याच जागेवर, मधोमध खेळणारी अबेना ओसेई ब्रॅम्प्टनहून आली होती. एकोणीस वर्षांची, वाऱ्यासारखी पळणारी आणि तोंडानं फटकळ. "ऊनाताई, तुम्ही दमलात की सांगा हं, मी बसलेलीच आहे," असं ती प्रत्येक सरावाला म्हणायची. ऊना तिला मान वळवायला शिकवायची आणि अबेना विसरायची.

हंगामाचा शेवटचा सामना कॅल्गरीशी होता. बरोबरी झाली तरी हॅलिफॅक्स उपांत्य फेरीत जाणार होतं, हरलं तर सगळं संपणार होतं. या सामन्याला अ‍ॅम्ब्रोज आला. विमानात पाय ठेवायचा नाही हा त्याचा हट्ट, म्हणून गाडी आणि फेरीबोटीनं तो पोचला होता. पोरीला देशात व्यावसायिक सामना खेळताना तो पहिल्यांदाच बघत होता.

पूर्वार्धात एक-एक झालं. उत्तरार्धात कॅल्गरीनं चेपायला सुरुवात केली. त्यांची दहा नंबरची पोरगी पुन्हा पुन्हा मधून घुसत होती आणि ऊना दर वेळी तिच्या वाटेत उभी राहत होती. ती धापा टाकत होती. अशाच एका वेळी तिनं पाय रोवला, वळली, आणि डाव्या गुडघ्यात टचकन हललं.

दुखत नव्हतं. स्वीडनमध्येही दुखलं नव्हतं.

ती दोन पावलं चालली. पाय टिकला. धावून बघितलं, टिकला. पण पुढच्याच खेपेला दहा नंबरवाली तिच्या डाव्या बाजूनं निसटली, कारण ऊनानं त्या पायावर भार टाकलाच नाही. गोलकीपरनं चेंडू कसाबसा बाहेर ढकलला. आता त्या पोरीला कळलं होतं, ती डावीकडूनच येणार. ऊनाची नजर प्रेक्षकांकडे गेली. बाप उठून उभा होता, दोन्ही मुठी आवळलेल्या.

डोरीननं हातानंच विचारलं, ठीक?

ऊनानं हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. मला बदल.

डोरीन वळून ओरडली, "अबेना! जाकीट काढ!"

रेषेवर दोघी समोरासमोर आल्या. अबेनाचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. "ऊनाताई, मला नाही जमणार. खरंच नाही."

"दहा नंबरकडे बघू नकोस. तिच्या मागे कोण येतंय ते बघ. जा."

ऊना बाकावर बसली. कुणीतरी गुडघ्यावर बर्फ बांधला. मैदानावर पाय झिजवताना कधी भीती वाटली नव्हती एवढी आता वाटत होती, कारण हातात काहीच उरलं नव्हतं. अबेनाचा पहिलाच पास थेट कॅल्गरीच्या पायात गेला. मग घाईत तिनं दहा नंबरवालीला पाडलं आणि धोक्याच्या जागी फ्री किक दिली. चेंडू खेळाडूंच्या भिंतीवरून वळला, गोलच्या खांबावर आपटला आणि मैदानात परत आला. तो कुणालाच दिसेना, सगळ्या चुकीच्या दिशेला बघत होत्या. अबेनाची मान मात्र फिरली. तिनं धाव घेऊन तो चेंडू लाथेनं थेट प्रेक्षकांत भिरकावला.

"असंच!" ऊना एवढ्या जोरात किंचाळली की डोरीन दचकली.

शिट्टी वाजली तेव्हा एक-एकच होतं. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. अ‍ॅम्ब्रोज बाहेर गाडीपाशी उभा होता. अभिनंदन नाही, काही नाही.

"का आलीस बाहेर?"

"गुडघा, बाबा."

"चालत होतीस की! मी बघितलं, धावतसुद्धा होतीस. टीव्हीवर सगळ्या गावानं बघितलं असेल."

"मागच्या वेळी पण धावतच होते!" ऊनाचा आवाज चढला. "तुझं ऐकून धावले. आज मी राहिले असते तर त्यांनी गोल केला असता, माझ्याच बाजूनं. ते तुला बघायचं होतं का?"

अ‍ॅम्ब्रोजनं गाडीचं दार लावून घेतलं. तो त्याच संध्याकाळी फेरीबोटीकडे निघून गेला.

तपासणीत निघालं की कूर्चा फाटली होती. लिगामेंट ताणलं होतं, पण शाबूत होतं. "आणखी खेळला असतात तर तेही गेलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. उपांत्य सामना ऊनानं बाकावरूनच बघितला. हॅलिफॅक्स हरलं.

हिवाळ्यात ती गावी आली. दुकानात कुणी ना कुणी म्हणायचंच, "अ‍ॅम्ब्रोजची पोरगी ना? हात वर करणारी?" ती हसून घ्यायची, घरी आल्यावर मात्र तिला जेवण जायचं नाही. बाप तिच्याशी मोजकंच बोलत होता. गुडघ्याच्या व्यायामासाठी सेंट जॉन्स शहरात जायचं होतं, चार तासांची वाट, तीही बर्फातून. पहिल्या दिवशी ती बसची चौकशी करत होती, तर अ‍ॅम्ब्रोज बूट घालून दारात उभा.

"चल."

"बाबा, तुझं बोटीचं काम..."

"चल म्हटलं ना."

त्या हिवाळ्यात तो तिला दर आठवड्याला नेत राहिला. वाटेत दोघं काकवी लावलेली तळलेली रोटी खायचे आणि हवामानाबद्दल बोलायचे. एकदा परतताना वादळात गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली. काचेपलीकडे नुसतं पांढरं. बराच वेळ वायपर चालू होते.

"ती पोरगी," अ‍ॅम्ब्रोज एकदम म्हणाला, "ब्रॅम्प्टनची. शेवटी बरी खेळली."

"हं."

"तू शिकवलंस तिला ते? मान वळवायला?"

"हो."

"चांगलं शिकवलंस." त्यानं बाहीनं काच पुसली. काच आतून पुसून काही उपयोग नव्हता.

वसंतात डोरीनचा फोन आला. करार होता, पण मधली जागा आता अबेनाची. ऊनानं शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी उतरायचं, तेही गरज पडली तर. "विचार करून सांग," डोरीन म्हणाली.

"विचार काय करायचा? येते," ऊना म्हणाली. फोन ठेवल्यावर ती सामान भरायला लागली.