वजन टाका

यवतमाळला उजवा गुडघा बदलून इंदूबाई आर्णीला परतल्या, तेव्हा व्यायाम शिकवणारी मुलगी दवाखान्याच्या दारापर्यंत सांगत आली होती, "मावशी, वजन टाका. नाही टाकलं तर गुडघा आखडेल, मग कायमचा तसाच."

इंदूबाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून भाकरी अर्ध्यावर आली.

त्याला कारण होतं. ऑपरेशनआधी दवाखान्यातल्या काट्याचा आकडा संपला, म्हणून मुलगा राजदीपनं त्यांना कापसाच्या मोठ्या काट्यावर उभं केलं होतं. त्या साली गुलाबी अळीनं बोंडं पोखरली होती. माल कमी, माणसं रिकामी. मापारी मोठ्यानं म्हणाला, "एकशे एकतीस. ओला हाय का माल? कटती मारा." ओल्या कापसाचं वजन कापतात तशी. सगळे हसले. इंदूबाईही हसल्या.

पण ताटावर बसलं की तो आवाज मागे उभा असे. खाट करकरली तरी त्यांना वाटे, गुडघ्यातलं लोखंड वाकलं. नवा पाय त्या जमिनीला नुसता टेकवत, तोही कुणी पाहत नसताना. शेजारच्या लीलाबाई भेटायला आल्या की पोटावर गोधडी ओढून घेत.

सून दीपा रोज म्हणे, "आत्या, दोन पावलं तं टाका."

"आंधी वजन टाकू दे. मंग चालतो."

असे दोन महिने गेले. एका सकाळी भाकरी थापता थापता दीपा चिडली. "कधी टाकान वजन? पाय तं अधांतरीच राह्यते तुमचा."

"टाकूनच राह्यली न, बाई. नऊ किलो टाकलं. पाह्य, चोळी ढिली झाली."

दीपाचे हात परातीतच थांबले. "आत्या, ते व्यायामवाली कमी कराचं नोयती म्हणत. पायावर भार द्या म्हणे."

इंदूबाईंनी नव्या पायाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्हंजे, हाये तेवढाच?"

"हाये तेवढाच. पुरा."

"अन् मोडला तं?"

"तुमच्यासाठीच बसवला न थो. माह्यासाठी नाही."

त्या भिंतीला धरून उठल्या. डोळे मिटून पाय टेकवला. कळ मांडीपर्यंत गेली, पण गुडघ्यानं तोललं. दीपानं हात पुढे केला, तर म्हणाल्या, "तू नको धरू. तुले झेपणार नाही मी."

तेव्हापासून त्या चालतात. गुडघा मात्र उशीर झाल्यामुळे पुरता वाकला नाही. जेवायला खुर्ची लागते. आणि भिंत सुटली नाही. खाटेपासून दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, तळव्याचा मळकट पट्टा उमटला आहे. चौदा एप्रिलच्या आधी दीपानं भिंत रंगवली. आठ दिवसांत तो पुन्हा दिसू लागला.