हेल्मेटवरची टपली

गाड्यांच्या सीटा शिवणारी वहिनी रविवारी दिराची मिस्तरी व्हायची. आठवडाभर दुकानात रेक्झिन कापायचं आणि रविवारी हातात पान्हा. दीर धंद्यानं न्हावी. सहा दिवस लोकांच्या मानेवर अलगद वस्तरा फिरवायचा आणि सातव्या दिवशी स्वतःचीच मान पणाला लावायचा. सुपरमोटोची हौशी शर्यत म्हणजे मोटारसायकली अर्धा वेळ डांबरावर, अर्धा वेळ मातीत. वळणावर एक पाय बाहेर, मागचं चाक आडवं घसरतंय आणि कुंपणाला लटकलेली माणसं घसा फाडून ओरडताहेत.

दोघांची एक रीत होती. गाडी तपासून वहिनीनं हेल्मेटवर टपली मारली की दीर निघणार. मग तो कशालाही हात लावून बघत नसे. बाकीचे चिडवायचे, "अरे, शर्यतीला आलास की शाळेत?"

"टपली खाल्ल्याशिवाय माझं इंजिन तापत नाही," हा म्हणायचा.

त्या दिवशी ऐन रेषेवर पुढच्या चाकातली हवा गेलेली दिसली. झेंडेवाला घड्याळ दाखवू लागला.

"वहिनी, हात उचला! इथंच म्हातारा होईन मी."

"तोंड आवरा भावोजी, अन् चाक धरा."

दुसरं चाक बसलं, नट आवळला. झेंडा वर गेला. वहिनीनं घाईघाईत टपली ठोकली आणि कुंपणामागं धावली.

गाड्या सुटल्या आणि तिला आठवलं. चाक बदललं की ब्रेकचे पॅड मागं सरकतात. हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर तीनचारदा दाबून ते पुढं आणावे लागतात. तिनं तो दाबलाच नव्हता. भावोजींचा पहिला दाब फुकट जाणार होता, आणि पहिलं वळण होतं सरळ पट्ट्याच्या टोकाला, रचलेल्या टायरांच्या भिंतीसमोर.

"ब्रेक! भावोजी, ब्रेक!"

एवढ्या इंजिनांपुढं तिचा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढं टिमकी.

दीर सगळ्यांच्या पुढं होता. ब्रेक लागले तशी मागच्या गाड्यांची नाकं खाली गेली, याच्या गाडीचं जाईना. त्याची बोटं लिव्हरवर झटके देताना तिला दिसली. मागचं चाक किंचाळत आडवं झालं, धूर उठला, हँडल टायरांना घासलं, आणि तेव्हा कुठं नाक खाली गेलं. कसाबसा वळेपर्यंत सगळे त्याला ओलांडून गेले होते.

"काय आडवी घातली रे वाघानं!" कुंपणावर शिट्ट्यांचा पाऊस. वहिनी जाळी मुठीत आवळून उभी होती. पुढं कोण जिंकलं ते तिला आजही सांगता येत नाही.

दीर परतला. हेल्मेट काढलं तर चेहरा पांढराफटक.

"मी लिव्हर दाबला नव्हता, भावोजी. न दाबताच टपली मारली."

"कळलं. पहिल्याच वळणावर."

"आता तुम्हीच बघून घेत जा. माझ्यावर विसंबू नका."

त्यानं बाटली तोंडाला लावली, तर निम्मं पाणी छातीवर सांडलं.

दुसऱ्या फेरीला तो रेषेवर उभा राहिला. त्याची दोन बोटं लिव्हरकडं निघाली. वहिनीनं श्वास रोखला. बोटं मधेच थबकली, पुन्हा हँडलच्या मुठीवर गेली. त्यानं मान पुढं केली.

तिनं लिव्हर दाबला. परत दाबला. झेंडेवाला ओरडला तरी दाबतच राहिली.

"वहिनी, तुटेल हो तो!"

"तुटू दे मेला," ती म्हणाली, आणि टपली अशी ठोकली की मागच्या रांगेतल्यानंही वळून पाहिलं.