दूध मागच्या भिंतीला

जिथे एकही गिऱ्हाईक पाऊल ठेवणार नव्हतं, अशा दुकानात मी दुधाचा फ्रिज सगळ्यात मागच्या भिंतीला लावून घेतला. वर चार पावलं मागे सरून कौतुकाने बघितलाही. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायची होती.

हा मूर्खपणा कळायला आधी माझा धंदा कळला पाहिजे. पश्चिम उपनगरांत किराण्याची काही दुकानं असलेल्या एका कंपनीत मी लेआउट बघायचे. लेआउट म्हणजे कोणती वस्तू कुठे ठेवायची ते ठरवणं. ऐकायला सोपं, पण आत सगळी लबाडी. दूध, साखर, मीठ असल्या रोजच्या वस्तू मुद्दाम मागे ठेवायच्या. दुधाला आलेली बाई तिथपर्यंत जाताना चिवडा बघते, बिस्किटं बघते, परत येताना ऑफरमधली बरणी बघते. अर्ध्या लिटरला आलेली ती दोन पिशव्या भरून घरी जाते आणि नवऱ्याला सांगते, "सगळं लागतच होतं." या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. असं मीच सांगत फिरायचे.

मग लोक फोनवरून मागवायला लागले. बोरीवलीचं दुकान तग धरून राहिलं, कांदिवलीचं ओस पडलं. आमचे मालक परेशभाई म्हणाले, "मॅडम, कांदिवलीचं शटर पाडा. आतून चालवा. फक्त ऑनलाइन."

याला डार्क स्टोअर म्हणतात. नाव ऐकून माझ्या नातीला वाटलं, तिथे भुतं असतात. तसं काही नाही. दिवे असतात, माल असतो, फक्त गिऱ्हाईक नसतं. ऑर्डर फोनवर येते. पिकर, म्हणजे माल गोळा करणारा, टोपली घेऊन रॅकमधून फिरतो, वस्तू उचलतो आणि पॅकिंगच्या टेबलावर आणून देतो. तिथून स्कूटरवाला घेऊन जातो. दोन तासांत घरपोच, असा आम्ही शब्द दिला होता.

या दुकानाची मांडणी मी केली. जन्मभर केली तशीच. दूध मागे, चिवडा वाटेत, बिस्किटं नजरेच्या उंचीला. कोपऱ्यावर 'दोनावर एक फ्री'ची पाटीसुद्धा लावली. कुणासाठी, ते विचारू नका.

झालं. दोन तासांचे तीन तास व्हायला लागले. लोक ऑर्डर रद्द करायचे आणि वर फोन करून शिव्या घालायचे. परेशभाईंच्या केबिनमध्ये एक स्क्रीन होता, तसाच दुसरा पॅकिंगच्या टेबलावर. कुठला पिकर एका ऑर्डरला किती वेळ घेतो, ते त्यावर दिसायचं. सगळ्यात खाली नाव होतं वनिताचं.

वनिता त्याच दुकानात पंधरा वर्षं कॅशियर होती. दुकान बंद झालं, काउंटर गेला, मग तिच्या हातात टोपली आली. घरात कमावणारी ती एकटीच.

"मॅडम, वनिताबेन बहुत स्लो आहे," परेशभाई म्हणाले. "एज झाला ना. नवीन पोरं घेऊ. एक तारखेपासून तिला नको."

"हो, वय झालंय खरं," मी म्हटलं. वनिता माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती.

एवढ्यावर गप्प बसले असते तर मी कसली? म्हटलं, "पण असं एकदम काढलं तर बाकीचे बिथरतील. मी स्वतः एक दिवस तिची शिफ्ट करते. माझा टाइम दाखवला की तीच काही बोलणार नाही."

"तुम्ही? झकास!" परेशभाई खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवेकोरे बूट घालून हजर. वनिताला त्या दिवसापुरतं पॅकिंगच्या टेबलावर बसवलं होतं. तिने माझे बूट न्याहाळले.

"मॅडम, मॅरेथॉनला चाललात काय?"

"तू बघच आता."

पहिली ऑर्डर: दूध, ब्रेड, अंडी. तिन्ही मागच्या भिंतीला. गेले, आणलं. दुसरी: दूध, पोहे. पुन्हा मागे. तिसरी: दूध. नुसतं दूध! एका पिशवीसाठी मी अख्खं दुकान तुडवलं. सकाळी माणसं दुसरं मागवणार काय? तांदूळ, साबण, फिनेल हे सगळं संध्याकाळचं. त्या वस्तू मी पुढेच ठेवल्या होत्या, म्हणून संध्याकाळची पोरं स्क्रीनवर सुसाट दिसायची. वनिता कायम सकाळच्या शिफ्टला. स्क्रीन मिनिटं मोजत होता, वस्तू किती लांब आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं, मीच ठेवली होती. पण ते डोक्यात शिरायला आधी पोटऱ्या दुखाव्या लागल्या.

बाहेर स्कूटरवाले हॉर्न मारत होते. मला धाप लागली होती, पण थांबायची लाज वाटत होती. शिफ्ट संपली तेव्हा मी टेबलाला धरून उभी होते. वनिता माझी टोपली रिकामी करायला लागली.

"मॅडम, हा चिवडा कुठल्या ऑर्डरचा?"

"तो माझा. पैसे भरते ना."

"आणि ही बिस्किटं?"

"तीही माझीच."

"बरं. आणि ही बरणी?"

"अगं, ऑफर होती म्हणून..."

 ती ऑफर मीच लावली होती. मागे जाऊन येऊन, जाऊन येऊन मी माझ्याच सापळ्यात सापडले होते. म्हणजे मांडणी अगदी फर्स्ट क्लास होती, फक्त तिने चालवायचं होतं गिऱ्हाइकाला आणि चालवलं पिकरला. मी मटकन दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसले. वनिताने पाण्याची बाटली पुढे केली. स्क्रीन बघायचं मला धाडस होईना, तिनेच बघितला. माझं नाव तिच्याही खाली होतं.

तशीच उठून परेशभाईंकडे गेले. "वनिताला हात लावायचा नाही. चूक माझी आहे. दूध, ब्रेड, अंडी पॅकिंगच्या टेबलाशेजारी आणते."

"दूध पुढे?" ते दचकलेच. "मग चिवडा कोण घेणार?"

"परेशभाई, चिवडा घेणारे घरी सोफ्यावर बसलेत. इथे आहे ती वनिता."

त्यांनी डोळे मिटून जरा विचार केला. "तो पछी, मग चिवडा ठेवायचा कुठे?"

"फोनवर. ऑर्डरमध्ये दूध टाकलं की खाली चिवड्याचा फोटो दिसला पाहिजे. माझी लबाडी तिकडे पाठवा, रॅक पिकरच्या पायांसाठी सोडा."

आठवडाभर आम्ही सगळं हलवलं. जे जास्त खपतं ते टेबलाजवळ, जड ते कमरेच्या उंचीला. शिवाय सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी ठेवायच्या नाहीत. गिऱ्हाइकाला दहा साबण एकत्र हवे असतात, निवडायला. पिकरला निवडायचं नसतं, बरोबर तेच उचलायचं असतं. एकदा एकादशीला राजगिऱ्याच्या पिठाऐवजी नाचणीचं गेलं होतं, त्या आजोबांनी फोनवर माझा उद्धार केला होता. तेव्हा राजगिरा गेला शाम्पूच्या शेजारी आणि नाचणी चहाजवळ. रॅक बघून वाटे, आत्ताच चोरी होऊन गेली आहे. माझा जीव तळमळायचा, पण चुका कमी झाल्या.

दोन तासांचा शब्द आम्ही पाळायला लागलो. वनिताचं नाव स्क्रीनवर वर सरकत गेलं, पुढे नव्या पिकरना शिकवायचं कामही तिच्याकडे आलं. परेशभाई सगळ्यांना सांगायचे की दूध पुढे आणायची आयडिया त्यांची. धडा एवढाच: मांडणी करणाऱ्याने एकदा तरी टोपली घेऊन चालावं.

हा धडा मी मोठ्या थाटात वनिताला ऐकवला. तिला काढायला मी मान डोलावली होती, तेही सांगून टाकलं. ती बिलकूल चिडली नाही. हातातला खोका टेपने बंद करत म्हणाली,

"मॅडम, दुकान चालू होतं ना, तेव्हा म्हाताऱ्या बायका एका दुधाच्या पिशवीसाठी पार मागपर्यंत जाऊन यायच्या आणि माझ्या काउंटरला टेकून गुडघे चोळत बसायच्या. त्यांच्यासाठी कधी चालून बघितलंत का?"