कुंडी सरांची चूक

कुंडी सर स्टुडिओत रिकाम्या हातानं कधी आले नाहीत, आणि फुललेलं झाड घेऊनही कधी आले नाहीत. पिशवीत एखादा वाळलेला मोगरा, नाहीतर पानं गळालेलं लिंबू, नाहीतर बुंध्याशी कुजलेली तुळस. हैदराबादच्या आमच्या तेलुगू वाहिनीवर रविवारी सकाळी घरच्या बागेचा अर्धा तास असे. सर तो सादर करत, मी त्याचं संकलन करत असे. सर मूळचे मराठवाड्यातल्या शेतकरी घरातले, उद्यान खात्यातून निवृत्त होऊन काचीगुड्यात दोन खोल्यांत राहणारे. नाव वेगळं होतं, पण शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांचे ते कुंडी सरच.

प्रमुखांना बंगल्यांची हिरवळ आणि कारंजी हवी असत. "बघणाऱ्याच्या डोळ्यांना गार वाटलं पाहिजे," ते म्हणत.

"गार वाटायला घरोघरी कूलर आहेत की," सर म्हणत. "लोक बसतात ते आपलं झाड का मेलं, हे कळावं म्हणून. दुसऱ्याचंही मेलंय हे दिसलं, की निम्मं दुःख तिथंच हलकं होतं."

प्रेक्षकांची पत्रं ते दोनदा वाचत. एकदा मला म्हणाले, "हे बघ सुनंदा, बाईंनी विचारलंय खताचं. पण खाली लिहिलंय, झाड मुलानं परदेशी जाताना लावलेलं. आता हिला नुसतं खत सांगून कसं भागेल?"

राज्याचे दोन भाग होणार, हे ठरलं होतं तेव्हाची ही गोष्ट. वाहिनीचेही दोन भाग होणार होते. कोण इथं राहणार, कोण विजयवाड्याला जाणार आणि कोण घरी बसणार, याच्या याद्या रोज बदलत. त्या उन्हाळ्यात एका भागात सरांनी सांगितलं, "चमचाभर युरिया घ्या, दहा लिटर पाण्यात विरघळवा आणि ते पाणी थोडं थोडं कुंडीत घाला." भाग लांबला होता. याद्यांच्या विचारात मी भराभर कापत गेले, त्यात पाण्याचं वाक्य गेलं. प्रेक्षकांनी ऐकलं ते एवढंच, की चमचाभर युरिया घ्या आणि थोडा थोडा कुंडीत घाला.

आठवड्याभरात फोन सुरू झाले. झाडं जळली होती. मी मूळ चित्रीकरण काढून पाहिलं आणि तशीच काचीगुड्याला सरांच्या घरी गेले. सगळं सांगितलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग इतक्यात नक्को बोलू. यादीत तुझं नाव अजून पक्कं नाही, घरी दोन लेकरं आहेत. माझं काय, पेन्शन चालू आहे."

"पण सर, चूक माझी आहे."

"कार्यक्रमात तोंड माझं दिसतं ना? मग झालं."

मी कुणालाच सांगितलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

पुढच्या रविवारी प्रेक्षकांचे फोन घेण्याचा थेट कार्यक्रम होता. या दिवसांत 'चूक' हा शब्द नको, असं प्रमुखांनी सरांना बजावलं होतं. सर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "तुमची झाडं माझ्या सांगण्यामुळं गेली. मला माफ करा." महिन्याभरात याद्या लागल्या. माझं नाव हैदराबादच्या यादीत होतं. सरांचा कार्यक्रम दोन्हीकडे नव्हता.

ज्यांचे पत्ते मिळाले, त्यांच्याकडे सर स्कूटरवरून नवी रोपं नेऊन देऊ लागले. एका रविवारी मीही बरोबर गेले. नारायणगुड्यात एक निवृत्त शिक्षिका राहत. सर त्यांना अम्मा म्हणाले. त्यांनी आम्हाला दारातच उभं ठेवलं.

"टीव्हीवर माफी मागणं सोपं असतं," त्या तेलुगूत म्हणाल्या. "तो मोगरा आमच्या ह्यांच्या हातचा होता. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. तो आणून देणार आहात का?"

"नाही अम्मा," सर म्हणाले. "तो नाही आणता येणार."

त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की मला राहवेना. "अम्मा, सरांनी बरोबरच सांगितलं होतं. पाण्याचं वाक्य मी कापलं."

अम्मा सरांकडे वळल्या. "मग इतके दिवस तुम्ही का बोलणी खाल्लीत?"

"हिला स्वतः सांगायला थोडा वेळ लागणार होता," सर म्हणाले.

अम्मांनी दार पूर्ण उघडलं. रोप मी आत नेलं.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनाही सांगितलं. त्यांनी फाईलमधून वर न बघता "ठीक आहे" म्हटलं. कार्यक्रम काही परत आला नाही, आणि दोन वर्षांनी सर गेले. मला खरं बोलायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत सर उन्हातान्हात दारोदार रोपं पोचवत होते, लोकांचं ऐकून घेत होते. येता-जाता भेटत, मुलांची चौकशी करत. पण "कधी सांगणार?" असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.