दुरुस्तीला टाकलेले बूट

धक्क्याकडे उतरणाऱ्या गल्लीत शेवटचं दुकान शिडवालीचं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. फळ्यांची जमीन, खिडकीपाशी दणकट मशिन. होड्यांची शिडं, दुकानांपुढची छतं, गाद्यांच्या खोळी, असलं जाडजूड शिवायला दुसरं कुणी तयार होत नसे.

तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. हिवाळा सरता सरता एका दुपारी जेवून खुर्चीत टेकला, तो उठलाच नाही. शिडवाली रडली नाही. माणसं आली, गेली. तिने सगळ्यांना पाणी दिलं, खुर्च्या आवरल्या आणि थोड्याच दिवसांत मशिनवर बसली. सोबतीला येऊन राहिलेली धाकटी नणंद मात्र दोघींच्या वाटचं रडून घेत होती.

"वहिनी, मोकळी हो गं एकदा," ती म्हणायची.

"होते ना. एवढं छत संपलं की मोकळीच आहे."

चटका बसलेल्या जिभेला कशाचीच चव लागत नाही, तसे दिवस चालले होते. भूक लागायची म्हणून नव्हे, ताट समोर यायचं म्हणून ती जेवायची.

एका सकाळी धक्क्याला शिडाची छोटी होडी लागली. तिच्यातून उतरलेलं म्हातारं जोडपं नोकऱ्या संपल्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने गावं बघत हिंडत होतं. त्यांचं मोठं शीड वाऱ्याने उभं फाटलेलं. ते गुंडाळून खांद्यावर घेऊन दोघं गल्ली चढून आली, पुढे बाई आणि मागे धापा टाकत आजोबा.

"उद्या सकाळी मिळेल," शिडवाली म्हणाली. "आतून चिकटवलेली पट्टी वाळायला हवी."

"मग तोवर गाव बघतो. काय आहे इथे बघण्यासारखं?"

तिने पट्टी कापायला घेतली. "काही नाही."

नणंद आतून बाहेर आली. "काही नाही कसं? वहिनी, तूच ने त्यांना. किती दिवसांत उन्हाचं तोंड पाहिलं नाहीस! पट्टी वाळेपर्यंत काय तिला वारा घालत बसणार आहेस?"

वाद घालायला लागणारी ताकदही नव्हती, म्हणून पट्टी चिकटवून शिडवाली निघाली.

तिने त्यांना मासळीचा लिलाव होतो ती शेड दाखवली. तिथे बाया पाइप धरून जमीन धूत होत्या. समोरासमोरच्या खिडक्यांतून बांधलेल्या दोऱ्यांवर चादरी वाळत घातलेला, घरांमधून चढत जाणारा जिना दाखवला. आजोबा मोठे बोलके. हे कुणी बांधलं, ते कधी पडलं, हा रंग कुणाला सुचला. ती विचारलं तेवढंच सांगत होती. क्रेनखाली उभं राहून त्यांनी मान वर केली.

"एवढ्या उंचावर कोण बसतं हो?"

"आता नवा माणूस आहे."

वरून नव्या माणसाने तिला ओळखून हात केला. तिनेही केला.

परत जिना चढताना आजोबांच्या एका बुटाचा अख्खा तळ निघून आला. कोपऱ्यावरच मोची बसायचा. त्याने बूट घेतला, वर बघितलं आणि घुटमळला.

"वहिनी, बरं झालं आलात. दादांचे बूट कधीचे तयार आहेत. घरी पोचवीन म्हटलं, पण पाऊलच उचलेना."

त्याने तपकिरी जोड पुढे ठेवला. नवे तळ, चकचकीत पॉलिश. शिडवालीने तो उचलला आणि एका पायाने अनवाणी उभ्या असलेल्या आजोबांसमोर ठेवला.

"घाला."

बाईंच्या लक्षात आलं. "अहो, नको. हे तुमच्या..."

"रस्त्यात काचा असतात. घाला."

बूट बेतल्यासारखे बसले. परतताना ते तिच्या पुढेच चालत होते. आता पोटातून काहीतरी उसळून येईल, म्हणून ती वाट बघत राहिली. नवरा डावा पाय जरा ओढत चालायचा. गल्लीत तो आवाज आला की ती पानं घ्यायला उठायची. आजोबा टुणटुण चालत होते. बूट ओळखीचे, चाल परकी. उसळून काहीच आलं नाही. नाडीचं टोक उसवलंय, एवढं मात्र तिला दिसलं.

सकाळी आजोबा स्वतःचे शिवलेले बूट घालून, तपकिरी जोड हातात घेऊन शीड न्यायला आले. "राहू द्या तुम्हाला," ती म्हणाली. "होडीत ओलं होतं, दुसरा जोड लागतो."

होडी गेल्यावर नणंदेला कळलं आणि ती पेटलीच.

"माझ्या भावाचे बूट! मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?"

"चुकलं माझं."

"तुला काही वाटतच नाही!"

"नाही वाटत," शिडवाली म्हणाली. "तू रडतेस ते बघून रोज वाटतं, आज मलाही येईल. नाही येत गं."

नणंद कापडाच्या तुकड्यांत मटकन खाली बसली. हाताला आली ती शिडाची चिंधी घेऊन तिने नाक पुसलं. चिंधी इतकी खरखरीत, की नाक लालबुंद झालं.

"नाही येत तर राहू दे," ती म्हणाली. "पण त्याचा कोट मला ठेव."

शिडवालीने कपाटातून कोट काढला. नणंदेच्या अंगावर तो पोत्यासारखा लोंबत होता. तिला खिडकीपाशी उभं करून शिडवाली बाह्यांना टाचण्या लावू लागली. नणंदेचे खांदे पुन्हा हलायला लागले.

"हलू नकोस," शिडवाली म्हणाली. "बाही वाकडी होते."

आणि खांदे थांबेपर्यंत ती टाचणी हातात धरून तशीच उभी राहिली.